वाळत घातलेली बस्करे

एकदा एक तरुण शिक्षिका दूरदेशीचे शिक्षण संपवून आपल्याच तालुक्यातील एका खेड्याच्या शाळेत रुजू झाली. माणसामाणसांतला भेद मुलांच्या मनात रुजण्याआधीच उपटून टाकावा, हा तिचा ध्यास होता. त्यासाठी तिने तिकडची एक बालकादंबरी सोबत आणली होती आणि स्वतः मराठीत उतरवली होती. गोष्ट जुन्या काळातली. डेलिया नावाच्या काळ्या मुलीला गोऱ्या मुलांच्या शाळेत प्रवेश मिळतो. पण तिच्या बाकावर कुणी बसत नाही.

वर्गात पुस्तक निम्मे वाचून झाल्यावर तिने आपल्या वृद्ध गुरुजींना बोलावून घेतले.

"गुरुजी, हे पुस्तक मला जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत न्यायचंय. तुम्ही वर्ग पाहा. तुम्ही हो म्हणालात, तरच नेईन."

गुरुजी मागे भिंतीला टेकून बसले. शाळेत बाके नव्हती. प्रत्येक मूल घरून आपापले बस्कर आणी आणि त्यावर बसे. शिक्षिकेने वाचायला घेतले. डेलिया रिकाम्या बाकावर एकटीच डबा उघडते, तिथवर ती आली आणि मुले मुसमुसू लागली.

"बाई, मी असतो ना, तर तिच्याजवळ बसलो असतो!" धैर्यशील डोळे पुसत म्हणाला.

"तू? तू तर भिंतीकडची जागा कुणाला देत नाहीस!" एक मुलगी म्हणाली. रडता रडता वर्ग हसला.

मधली सुट्टी झाली. मुले बाहेर पळाली. शिक्षिकेचा चेहरा उजळला होता.

"ती मुलगी एकटीच दाराशी का बसते?" गुरुजींनी विचारले.

"आम्रपाली ना? मी विचारलं होतं तिला. म्हणाली, तिथं वारा लागतो."

गुरुजी उठले, वाकून एकेक बस्कर उचलू लागले आणि वर्गाच्या मधोमध त्यांनी ढीग रचला. वरची खाली केली, खालची वर केली.

"हे काय करताय, गुरुजी?"

"तू बघ."

मुले परतल्यावर ते म्हणाले, "आज हाताला येईल ते बस्कर घ्या आणि बसा."

मुले हसत ढिगावर झेपावली, आणि मग एकाएकी थांबली. धैर्यशीलने आपले मोराच्या नक्षीचे बस्कर ओढले होते. त्याला चिकटून एक गोणपाटाचे बस्कर वर आले, निळ्या लुगड्याचे काठ शिवलेले. त्याने हातातले खाली टाकले.

"बाई, माझं त्याला लागलंय."

कुणाचे, ते कुणी विचारले नाही. सगळी उभीच राहिली. शेवटी आम्रपाली पुढे आली. कुणाला धक्का लागू नये असे अंग चोरून तिने ते उचलले आणि दाराशी जाऊन बसली. बाकीची मुले मात्र त्या दिवशी जमिनीवरच बसली.

गुरुजी रात्री मुक्कामाला राहिले. सकाळी दोघे शाळेकडे निघाले, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक कुंपणावर, प्रत्येक ओट्यावर बस्करे वाळत घातलेली होती. धुतलेली. मोराच्या बस्करातून अजून पाणी ठिबकत होते.

शिक्षिका जागीच थांबली. "म्हणजे ती काहीच शिकली नाहीत."

"छे! फार छान शिकली आहेत," गुरुजी म्हणाले. "शाळेत तू शिकवलंस ते शिकली, घरी शिकवतात तेही शिकली. आणि एका धड्याचा विटाळ दुसऱ्याला होऊ द्यायचा नाही, हे तर कुणी न शिकवता शिकली. डेलियाजवळ बसायला त्यांचं काय जातं, बाळ? ती कधी येणारच नाही. तिच्यासाठी रडलं की आपण त्या गोऱ्या पोरांहून चांगले, एवढं समाधान मात्र मिळतं. ते त्यांनाही मिळालं, तुलाही मिळालं. म्हणून तर वाऱ्याचं कारण तुला पुरलं. अन् काल मी जे दाखवलं, त्याचं मोल त्या पोरीनं दिलं. ते पाप माझं."

"मग पुस्तक मिटून टाकू?"

"पुस्तक खोटं नाही. वाचताना तू कुठं उभी असतेस?"

"फळ्याजवळ."

शाळेच्या फाटकातूनच गुरुजी परत फिरले.

वर्गात आम्रपाली दाराशी उघड्या फरशीवर बसली होती.

"बस्कर कुठं गं तुझं?"

"आईनं नको म्हटलं, बाई. म्हणाली, मिसळलं की लोकांना धुवत बसावं लागतं."

शिक्षिकेने फळ्याजवळचे पुस्तक उचलले, ती दाराशी आली आणि आम्रपालीच्या शेजारी फरशीवर बसून वाचू लागली.

"बाई, इकडं ऐकू येत नाही!" धैर्यशील ओरडला. "मोठ्यानं वाचा ना! डेलियाचं काय झालं?"

"जवळ या."

कुणी उठले नाही. शिक्षिका वाचत राहिली. तिने आवाज वाढवला नाही.