माथ्यावरची एक ओळ

एकदा एका संगणकभाषेत नव्या तऱ्हेने लिहिण्याची सोय आली. सोय ऐच्छिक होती. ज्याला हवी त्याने आपल्या फाइलच्या माथ्यावर एक ओळ घालायची, की त्या फाइलपुरती नवी रचना चालू. ज्याला नको त्याने काहीच करायचे नाही, त्याचे जुने लिखाण होते तसे चालत राहील. कुणावर सक्ती नाही, कुणाचे नुकसान नाही. इतकी सभ्य सुधारणा क्वचितच पाहायला मिळते, आणि सभ्य गोष्टींकडे आपण फारसे निरखून पाहत नाही.

ही सोय असावी की नसावी हे ठरवायला जी जाणकार मंडळी बसली होती, त्यांत एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी सोयीच्या बाजूने मत दिले होते. मात्र त्यांच्या हातचा जो सर्वांत जुना प्रोग्रॅम होता, एका कालव्याच्या पाणीवाटपाचा, त्यात त्यांनी ती ओळ कधी घातली नाही. तीन वर्षे त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या शिष्याने दोनदा कारण विचारले. "इथे नको," एवढेच ते म्हणाले.

शिष्य हुशार होता. कारण सांगत नाहीत म्हणजे कारण नसणार, असा त्याने हिशेब केला. त्या हिवाळ्यात दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूसाठी गुरू दीड-दोन महिने घरी बसले, तेव्हा त्याने संधी साधली. त्या प्रोग्रॅमच्या फाइलच्या माथ्यावर ती ओळ घातली आणि खालचे सारे नव्या रचनेत लिहून काढले. चाळीस ओळींचे काम आठ ओळींत बसले. मध्ये मध्ये कुणीतरी मराठीत टिपा लिहून ठेवल्या होत्या. ज्या ओळींसाठी त्या होत्या त्या ओळीच उरल्या नाहीत, म्हणून त्याने टिपाही पुसल्या. मग जुना प्रोग्रॅम आणि नवा प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवून पाहिले. दोघांतून निघालेले पाळीपत्रक अक्षरशः एकच होते, तेव्हा त्याने जुन्याच्या जागी नवा बसवला. शिष्याला स्वतःचा अभिमान वाटला, आणि खरे सांगायचे तर त्याचे काम सुरेखच होते.

आता ते पाळीपत्रक काय, ते सांगायला हवे. कालव्याला पाणी सुटले की कोणत्या चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पोटकालव्याला, किती तास, कोणानंतर कोण, हे त्या पत्रकात छापून येते आणि त्याबरहुकूम दरवाजे उघडतात. हाताने लिहिलेले पत्रक कुणी मानत नाही. त्यावरून पूर्वी डोकी फुटली होती, म्हणूनच तर प्रोग्रॅम आला. कालव्यावरच्या कचेरीत तो इंदुमती गव्हाणे सांभाळत. बारावी झालेल्या कारकून बाई. अठरा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात वृद्ध गृहस्थांनी त्यांच्या शेजारी बसून त्यांना ती फाइल ओळीओळीने वाचायला शिकवली होती. तेव्हापासून चारी फुटली, दरवाजा अडकला, की बाई स्वतः फाइल उघडत, एखादी ओळ बदलत आणि नवे पत्रक काढत. पंचक्रोशीत त्यांचा शब्द चाले तो एवढ्यामुळेच.

फेब्रुवारीत पाणी सुटले. अकराव्या चारीची पाळी आली त्याच सकाळी तिला भगदाड पडले. बाईंनी दरवाजा बंद करवला. दोन दिवसांत भगदाड बुजवून होणार होते. तोवर त्या चारीची पाळी शेवटी ढकलायची, एवढेच काम. असे त्यांनी दहा वेळा केले होते. त्यांनी फाइल उघडली आणि त्यांना एक अक्षर लागेना.

सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत त्या पडद्यासमोर बसून होत्या. मग त्यांनी शहरात फोन लावला. शिष्याने उचलला.

"साहेब, फाइल तीच हाय ना? काही बदललं तर नाही?"

"तीच आहे, बाई. काही फरक नाही. पत्रक अगदी तेच येतं, मी स्वतः ताडून पाहिलंय."

"बरं, बरं," बाई म्हणाल्या, आणि चारीचे काही न सांगता फोन ठेवला.

दोन दिवसांनी भगदाड बुजले, पण चारीची पाळी पत्रकावरून पुढे निघून गेली होती. पत्रकातले पाणी संपून कालवा बंद झाला. अकराव्या चारीवरचा गहू चिकात होता. ऐन दाणा भरायच्या वेळी त्याला पाणी मिळाले नाही आणि तो उभ्या उभ्या वाळला. लोक कचेरीत आले आणि नाही नाही ते बोलले. "येत नव्हतं तर खुर्ची कशाला अडवून बसला होता?" हे सर्वांत सौम्य. 

डोळे बरे होऊन गुरू परतले, तेव्हा बाईंचा अर्ज येऊन पडला होता: मला आवक-जावकच्या टेबलावर घ्यावे, प्रोग्रॅमचे काम आता झेपत नाही. गुरूंनी अर्ज वाचला, नवी फाइल वाचली, बाईंच्या फोनचे शिष्याकडून ऐकले. "सुंदर लिहिलंस," ते शिष्याला म्हणाले, आणि त्याला घेऊन कालव्यावरच्या कचेरीत गेले.

बाई कोपऱ्यातल्या टेबलावर लखोटे लावत होत्या. गुरूंनी त्यांना नमस्कार केला, संगणकापुढे बसले, फाइल उघडली आणि माथ्यावरची ती एक ओळ पुसून टाकली. खाली एका अक्षरालाही हात लावला नाही. प्रोग्रॅम चालवला. पडदा लाल चुकांनी भरून गेला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत यंत्राला काहीच कळेना.

शिष्य दचकून पुढे आला. "सर, हे काय केलंत? ती ओळ नसली तर याला वाचताच येणार नाही!"

"एका ओळीने यंत्राला अडाणी करता येतं, बघ," गुरू म्हणाले. "ती घातलीस तेव्हा यंत्राला वाचता आलं आणि बाईंना येईनासं झालं. यंत्राने निदान तक्रार तरी केली."

"पण सोय ऐच्छिक होती, सर."

"लिहिणाऱ्याला होती. वाचणाऱ्याला कुणी विचारलं? तू फोनवर म्हणालास, काही फरक नाही. यंत्राच्या बाजूने ते खरं होतं. बाईंनी त्यावर विश्वास ठेवला."  गुरूंचा आवाज उतरला. "आणि माझंही चुकलं. तीन वर्षं मी नुसतं 'इथे नको' म्हणालो. का नको, ते सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मला वाटलं, माझा नकार पुरे आहे. अहंकार, दुसरं काय."

लखोटे लावणारे हात थांबले होते.

"म्हणजे फाइल बदलली होती?" बाईंनी विचारले.

शिष्याने होकाराची मान हलवली.

"आन् मी म्हणत होते, माझंच डोकं गेलं. वय झालं, आता काही कळत नाही आपल्याला, असं वाटलं मला. लोक बोलत होते तर म्हटलं, बरोबरच बोलतायत." त्या रडल्या नाहीत. शिष्याला वाटले, रडल्या असत्या तर बरे झाले असते.

त्याने तासाभरात जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा परत बसवला. आणि तेव्हा त्याने पुसलेल्या टिपा पहिल्यांदा वाचल्या. '४ नं. चारी, दरवाजा अडकला, पाळी शेवटी घेतली – इं. ग.' '७ नं., साकवाचे काम, दोन तास वाढवले – इं. ग.' अठरा वर्षांच्या टिपा होत्या. तो उठून बाईंच्या टेबलापाशी गेला. हात जोडून म्हणाला, "बाई, आता सगळं पूर्वीसारखं आहे. या, बसा ना."

बाईंनी पडद्याकडे पाहिले. ओळी ओळखीच्या होत्या.

"नको, साहेब," त्या म्हणाल्या. "वाचता येईल मला. पण आता वाचलेलं खरं वाटायचं नाही." आणि पुढचा लखोटा उचलला.

ती ओळ त्या फाइलच्या माथ्यावर पुन्हा कुणी घातली नाही. आता चारी फुटली की शहरात फोन जातो, आणि शिष्य जे काम हातात असेल ते टाकून पाळी बदलतो. आपल्या नावाची टीप मात्र तो लिहीत नाही. तिथली शेवटची टीप आधीच्या नोव्हेंबरातली आहे, इं. ग. यांची, आणि तिच्याखालची जागा त्याने तशीच ठेवली आहे.