मापाची चोळी

“पोर गरीब आहे हो, पण बोटं बघितलीत का? आखूड. असल्या बोटांत सुई राहते, कसब राहत नाही.”

फार फार वर्षांपूर्वी, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात, एका घराच्या ओसरीवर हे बोलणं झालं. बोलणाऱ्या होत्या शेजारच्या आत्याबाई. ऐकणाऱ्या होत्या घरच्या सासूबाई. आणि जिच्याविषयी बोलणं चाललं होतं ती नवी धाकटी सून ताकाचे पेले घेऊन दारामागे उभी होती. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. पेल्यांना तरी ती पुरत होती. मग ती बाहेर आली, आत्याबाईंना ताक दिलं, आणि काही बोलली नाही.

तशी ती फारशी बोलतच नसे. न बोलणाऱ्या माणसाला ऐकू फार येतं, आणि दिसतं त्याहून जास्त.

त्या काळी त्या गावात शिंपी नव्हता. असता तरी बिचारा उपाशी मेला असता. विणकर कापड विणून देई आणि पुढचं सगळं घरातल्या बायकांच्या हातचं. दुपारची भांडी पालथी पडली की ओसरीवर घोंगडी अंथरली जाई. सुया ठेवायला एक लहानशी उशी असे, तिच्यात विंचरताना निघालेले केस भरलेले असत. केसांच्या तेलामुळे सुईला गंज चढत नसे. दोरा पुढे सरके तशा गप्पाही पुढे सरकत. एखाद्या गप्पेत गाठ पडली तर ती दाताने तोडायलाही कुणी ना कुणी तयार असे.

कपड्यालाही तेव्हा आयुष्य होतं. आजोबांचा अंगरखा विरला की त्यातून बापाची बंडी निघे. बंडी विरली की लेकराचं झबलं. झबलं फाटलं की ते गोधडीत जाऊन बसे. आणि त्या गोधडीत निजलेलं पोर एका तुकड्यावर बोट ठेवून सांगे, “हे आमचे आजोबा.” आता कुठे राहिली तशी ओळख! आता अंगातला कपडा कुणी शिवला, हे घालणाऱ्याला ठाऊक नाही, आणि कुणासाठी शिवला, हे शिवणाऱ्याला.

असो. त्या गावचा एक रिवाज होता. नव्या सुनेने पहिल्या संक्रांतीला सासूची चोळी शिवायची. थोरांच्या अंगाला दोरी लावून माप घेणं वाईट दिसे, म्हणून सासू आपली एक जुनी चोळी काढून द्यायची. तिला म्हणत मापाची चोळी. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका आधी नवी चोळी मापाच्या चोळीवर ठेवून बघत, मग सासू ती अंगात घाली. बसली, तर सुनेला घोंगडीवर जागा. नाही बसली, तर सुनेने ती तिथेच सगळ्यांसमोर उसवायची, आणि पुढच्या संक्रांतीपर्यंत दाराशी बसून दुसऱ्यांच्या सुयांत दोरे ओवून द्यायचे.

दाराशी बसलेल्या बाईशी कुणी भांडत नसे, पण तिला कुणी काही विचारतही नसे. धाकटीला माहेर सोडून आल्यापासून कुणी काही विचारलं नव्हतं. घोंगडीवरची जागा तिला भुकेल्यासारखी हवी होती.

सासूबाईंनी अंजिरी रंगाचा खण आणि एक जुनी चोळी तिच्यापुढे ठेवली.

“ह्या मापाने शिव. ह्यात काडीचाही फरक नको.”

“बरं,” धाकटी म्हणाली.

“कापायच्या आधी विचार, कापल्यावर नको.” हे थोरली जाऊ म्हणाली. तिची चोळी पहिल्या फटक्यात बसली होती आणि ते ती अजून कुणाला विसरू देत नव्हती. “आणि हे बघ, डोकं चालवू नकोस. खणावर माप ठेव, कात्री फिरव, मोकळी हो. मी तेच केलं.”

धाकटीला आपली आई आठवली. माहेरी परसात जांभळीच्या सावलीला आई शिवायला बसायची. बाबा शेतातून येताना लांबून दिसले की दोरा दातात धरून त्यांच्याकडे नुसती बघत राहायची. मग खाली बघून म्हणायची, “औंदा डावा खांदा उतरलाय गं त्यांचा. तिकडून मापटंभर कमी कापू या.” खांदा काय धान्याच्या मापट्याने मोजतात, म्हणून बाबा हसायचे. पण आईच्या हातचा अंगरखा त्यांच्या अंगावर असा पडे, जसा काही तो तिथेच उगवला असावा. त्या आठवणीने धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने ओच्याला टिपलं, आणि आईसारखंच बघायला लागली.

बघितलं तेव्हा बरंच दिसलं. सासूबाई फडताळातला डबा काढताना डावा हात वर नेत. उजवा कमरेच्या वर जाताना दिसतच नसे. वेणीफणी त्या नातीकडून करून घेत आणि वर म्हणत, “पोरीला हौस आहे, करू दे.” सकाळी चोळी घालायला खोलीत गेल्या की दार बराच वेळ बंद राही, आणि बाहेर येत तेव्हा वरच्या ओठावर घाम असे, थंडीतसुद्धा. धुतलेल्या चोळ्या वाळत घालताना धाकटीला आणखी एक दिसलं. प्रत्येक चोळी उजव्या काखेत फाटलेली होती आणि तिथे शिवलेले टाके उलट्या बाजूला कलले होते. डाव्या हाताने घातलेले टाके होते ते.

सासूबाईंचा उजवा खांदा आखडला होता, आणि त्यांनी ते घरात कुणालाही कळू दिलं नव्हतं.

का, हेही धाकटीला उमगलं. घरची कात्री सासूबाईंच्या कमरेला असे. जिच्या कमरेला कात्री, तिचा शब्द घरात चाले. हात चालेनासा झाला की कात्री थोरल्या सुनेला द्यायची, हाही रिवाजच. आणि कात्री दिलेली म्हातारी मग ओसरीच्या कोपऱ्यात वाती वळत बसे. आत्याबाईंच्या घरी त्यांच्या सासूबाई तशाच बसत. पांढऱ्याशुभ्र वातींचा ढीग त्यांच्यापुढे साठे, आणि जेवायला हाक मारायची तेवढी घरचे विसरत.

धाकटी खण मांडीवर घेऊन बसली. मापाप्रमाणे शिवली, तर काम सोपं होतं. सासूबाई दात आवळून ती चोळी अंगात चढवतील, हसून म्हणतील, “बसली हो!” आणि घोंगडीवर जागा मिळेल. पण मग ती चोळी रोज सकाळी त्या खांद्याला ओरबाडील. अंगाप्रमाणे शिवली, तर सासूबाईंना सुख होईल, पण चोळी मापावर वाकडी दिसेल. का वाकडी, ते बायका विचारतील. सांगावं तर म्हातारी कोपऱ्यात जाणार. न सांगावं तर आपण दाराशी.

सासूबाईंकडून मागून आणलेली कात्री तिने बराच वेळ उचलली नाही. मग उचलली, आणि मापाची चोळी घडी करून बाजूला ठेवली.

उजवीकडचा खांदा तिने उतरता कापला. काखेतला तुकडा रुंद ठेवला, बाही सैल केली, म्हणजे हात मागे न ओढता आत सरकेल. डावी बाजू मात्र मापासारखीच नेटकी. टाके इतके बारीक घातले की मुंगीलाही दोन टाक्यांमधून वाट मिळाली नसती.

संक्रांत आली. ओसरी बायकांनी भरली. तिळगूळ झाला, हळदीकुंकू झालं, आणि थोरल्या जावेने नवी चोळी मापाच्या चोळीवर पसरली.

बायका बघायला पुढे वाकल्या. मग आत्याबाईंना हसू आवरेना.

“अगंबाई! एक बाही सासूची आणि एक सासऱ्यांची!”

“नाही हो,” दुसरी म्हणाली, “ही बाही दिवाळीचा फराळ खाऊन आलीय.”

ओसरी हसून हसून लोळायला लागली. थोरल्या जावेचा चेहरा मात्र पडला. तिने धाकटीला कोपराने ढोसलं. “मापाची चोळी समोर दिली होती ना तुला? मग हे काय केलंस? बोल की!”

धाकटीने मान वर केली. सासूबाई हसत नव्हत्या. त्यांची नजर त्या सैल बाहीवर खिळली होती, आणि त्यांचा डावा हात नकळत उजव्या खांद्यावर गेला होता. दोघींची नजरानजर झाली. धाकटीने नजर खाली वळवली.

“उसव मग,” आत्याबाई म्हणाल्या. “रिवाज आहे. आमच्या सुनेनेही उसवली होती, काही मेली नाही ती.”

धाकटीने चोळी मांडीवर घेतली. सुईचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. टाका तुटला. दुसरा तुटला. तिने सुई तिसऱ्या टाक्याखाली घातली.

“थांब.”

सासूबाई उठल्या. त्यांनी तिच्या मांडीवरून चोळी उचलली, खोलीत गेल्या आणि दार लावलं. बायका पुन्हा गप्पांना लागणार, तोच दार उघडलं. इतक्या लवकर ते दार कधी उघडलं नव्हतं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. अंजिरी चोळी त्यांच्या अंगावर सरळ बसली होती, कुठे वळी नाही, कुठे ओढ नाही. ओठावर घामाचा थेंब नव्हता.

“वाकडी चोळी नाही, बायांनो,” त्या म्हणाल्या. “वाकडी मी झालेय. हा हात पावसाळ्यापासून वर जात नाही. रोज सकाळी चोळी घालताना मी पदर तोंडात कोंबत होते, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आज पहिल्यांदा कोंबावा लागला नाही.”

सासूबाईंनी कमरेची कात्री काढली आणि थोरल्या सुनेपुढे धरली.

थोरलीने कात्री घेतली आणि तिला रडूच फुटलं. “मी एवढी वर्षं तुमच्या शेजारी बसून शिवतेय, सासूबाई, आणि मला दिसलं नाही! कापीन मी, पण तुम्ही कोपऱ्यात जायचं नाही. घोंगडीच्या मधोमध बसायचं. आणि कापायच्या आधी माप कसं घ्यायचं, ते मला ही सांगेल.” असं म्हणून तिने धाकटीला हाताला धरून आपल्याशेजारी घोंगडीवर बसवलं.

पुढे त्या गावातून मापाच्या चोळीचा रिवाज हळूहळू उठला. सुना सासवांसमोर बसून त्यांना नीट बघून खण कापू लागल्या. आत्याबाईंच्या सासूबाईंचा पाटही कोपऱ्यातून मधे आला. पण ते सगळं मागाहून.

त्या दिवशी आत्याबाईंना राहवेना. त्यांनी धाकटीला विचारलं, “अगं, तुला ठाऊक होतं तर मघाशी तोंड का नाही उघडलंस? एवढं हसू करून घेतलंस, चोळी उसवायला बसलीस. एक शब्द बोलली असतीस तर सुटली असतीस!”

सगळ्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. लग्न होऊन आल्यापासून इतक्या जणींनी एकदम तिचं ऐकायला कधी कान दिला नव्हता. धाकटी जरा लाजली, मग हसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“आत्याबाई, चोळी शिवतात ती अंग झाकायला. मग तीच शिवताना मी त्यांना उघडं कसं पाडू?”

म्हणून, लहानथोर मंडळींनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याचं दुखणं ज्याला दिसतं त्याने आधी ते हलकं करावं, ते चारचौघांत सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याला ठरवू द्यावं.