अक्रोडातला गोठा

"मग कमी काय आहे, गुरुजी? एकदा सांगून तरी टाका!"

लांबर्टने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता खिडकीपर्यंत जाऊन परत आला. सकाळपासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता.

पाचशे वर्षांपूर्वी, युरोपातल्या कालव्याकाठच्या एका गावात, लाकडाचे अक्रोडाएवढे गोळे कोरत. गोळा मधोमध उघडायचा आणि आत येशूच्या जन्माचा अख्खा देखावा असायचा. भाविक तो कमरेला अडकवत आणि प्रार्थनेला बसले की उघडत.

म्हाताऱ्या वाउटर गुरुजींनी आज त्याने कोरलेल्या गोळ्यावर आपला ठसा उमटवला, तर लांबर्ट स्वतःचं दुकान थाटणार होता. नाहीतर पुन्हा त्याच बाकावर, त्यांच्याच हाताखाली.

गुरुजींनी डोळ्याला भिंग लावलं. गोठा, गाय, गाढव, गुडघे टेकलेली मरिया, दारात मेंढपाळ. बाळाचा चेहरा तेवढा कोरायचा राहिला होता.

"सगळे श्वास रोखून बसलेत रे..."

"बसणारच! एकेक टवका काढताना मीही रोखला होता. गाढवाच्या पापण्या बघा! असा हात गावात आहे कुणाचा?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "बाळ कधी करतोस?"

"आत्ता. तुमच्यासमोर!"

खरं तर त्या चेहऱ्याला तो घाबरत होता. कितीतरी दिवस टाळत आला होता. पण बढाई मारून बसल्यावर माघार कशी घेणार?

त्याने गोळा चिमट्यात घट्ट बसवला, कोरणी उचलली, छातीभर श्वास घेतला आणि रोखला. गाल आले. नाक आलं. मिटलेल्या ओठांची रेघ तेवढी उरली. कोरणीचं टोक तिथे टेकलं...

"लांबर्ट, जेवलास का?"

"अं?"

श्वास भस्सकन सुटला. कोरणी निसटली.

...

लांबर्टला आधी बघवेना. मग बघितलं. मिटायचे ते ओठ उघडले होते. टवका उडाला होता आणि बाळाच्या तोंडाच्या जागी इवलासा खड्डा पडला होता.

"मुद्दाम केलंत तुम्ही!" तो रडकुंडीला आला. "सगळं मातीत घातलंत माझं! का? बोला ना, का?"

गुरुजी भिंग लावून बराच वेळ आत बघत राहिले. मग त्यांनी गोळा मिटला, वर आपला ठसा टेकवला आणि हातोडीचा एक हलका ठोका दिला.

लांबर्ट बघतच राहिला. "अहो, पण... तोंड उघडं राहिलंय त्याचं!"

गुरुजींनी गोळा त्याच्या हातात ठेवला.

"रडलं रे बाबा, एकदाचं."