आस लागलेला कान

एकदा एका सभेत एक वाक्य अर्धंच राहिलं. ते पुरं व्हायला इतकी वर्षं लागली की ज्याने ते तोडलं त्याचे केस पांढरे झाले, आणि ज्याचं तुटलं त्याचे गळूनच गेले. गोष्ट अमेरिकेतली आहे, ईशान्येकडच्या डोंगराळ मुलखातल्या एका लहानशा गावातली. नावं सांगणार नाही. दृष्टांतात नावं आली की आपण माणसं ओळखत बसतो आणि मुद्दा हातचा जातो.

अमेरिकेचं राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठा पांढरा घुमट येतो. तो कळस झाला. पाया पाहायचा असेल तर मार्च महिन्यात, बुटांवरचा बर्फ झटकत, त्या गावाच्या सभागृहात यावं. तिथे वर्षातून एकदा गावसभा भरते. बर्फ काढायचं यंत्र घ्यायचं की नाही, पूल रंगवायचा की नाही, हे गावातला प्रत्येक मतदार स्वतः येऊन ठरवतो. दिवसभर भांडतात. आपल्याकडेही ग्रामसभा असते. ती कशी भरते ते मी आपल्याला सांगायला नको.

सभा संपली की तळघरात जेवण असतं, आणि त्या जेवणाची एक रीत आहे. ज्यांचं म्हणणं सभेत पडलं, त्यांना पहिलं ताट. जिंकलेल्यांनी कंबर बांधून वाढायचं. ही रीत कुणी घातली हे गावात कुणालाच आठवत नाही, पण ती चुकलेली कुणी पाहिली नाही.

त्या गावात एक वृद्ध गृहस्थ राहत. आयुष्यभर त्यांनी मुलांना देशाची राज्यघटना शिकवली आणि तितकीच वर्षं गावसभेचं अध्यक्षस्थान सांभाळलं. त्यांच्याकडे आपल्याकडची एक मुलगी शिकायला आली होती. अकोल्याची, कायदा शिकलेली, घटनेवर प्रबंध लिहिणारी. तिकडे गुरूलासुद्धा नावाने हाक मारतात. हिच्या तोंडून काही 'सर' सुटेना. वृद्धांनीही शेवटी नाद सोडला.

सभेला तिला मागच्या बाकावर बसायची मुभा मिळाली. तिच्या शेजारी टोपी मांडीवर ठेवून एक म्हातारा बसला होता. तो नदीपलीकडच्या गावातून आला होता. शाळेच्या रिकाम्या इमारतीचं काय करायचं हा विषय निघाला तसा तो उभा राहिला आणि म्हणाला, "मला बोलायचं आहे."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. अध्यक्षांच्या हातातला लाकडी हातोडा जागच्या जागी थांबला.

हा म्हातारा अध्यक्षांचा जिवाभावाचा मित्र. एकाच शाळेत शिकले, एकाच नदीत मासे धरले, तरुणपणी दोघांनी मिळून गावसभेचे नियम लिहिले. पुढे ती शाळा बंद करायचा प्रस्ताव आला. मुलं कमी झाली होती, खर्च झेपत नव्हता. मित्र शाळेच्या बाजूने पोटतिडकीने बोलला. बोलता बोलता ठरलेली वेळ संपली. "तुम्ही ही शाळा बंद केलीत, तर मी..." एवढं तो म्हणाला आणि अध्यक्षांनी हातोडा आपटला. नियम तो नियम. मत झालं, शाळा बंद झाली. मित्र पंगतीला आलाच नाही. त्याने घर विकलं, नदी ओलांडली आणि पुन्हा या गावात पाऊल टाकलं नाही.

ते अर्धं वाक्य मात्र गावातच राहिलं. ज्याने त्याने ते आपल्या भीतीप्रमाणे पुरं केलं. कुणी म्हणे, 'तर मी कोर्टात खेचीन.' कुणी म्हणे, 'तर मी गावाचं तोंड पाहणार नाही.' अध्यक्षांना कुठलाच शेवट पटत नसे, आणि विचारायला जावं तर नदीपलीकडचं दार उघडत नसे.

आणि आज तो आपल्या पायांनी आला होता.

आता नियम असा होता की जो गावचा मतदार नाही, त्याला बोलायचं असेल तर सभेच्या दोन-तृतीयांश लोकांची संमती हवी. मौज अशी की हा नियम त्या मित्रानेच हट्टाने घालायला लावला होता. "पाहुणा बोलायला लागला की घरचे गप्प बसतात," असं तो तेव्हा म्हणाला होता.

अध्यक्षांनी सभेला विचारलं. "हो" असा मोठा आवाज उठला. "नाही" असाही उठला, पण लहान. त्या गावात आवाजाचा अंदाज अध्यक्षानेच घ्यायचा असतो आणि सहसा त्याला कुणी हटकत नाही. 'संमती मिळाली' एवढं म्हणायचा अवकाश होता. मित्राने टोपी बाकावर ठेवलीसुद्धा.

अध्यक्ष म्हणाले, "मला खात्री नाही. कृपया उभे राहा, मोजू या."

कुणीही मोजणी मागितली नव्हती. तरी लोक उभे राहिले. गावच्या ग्रंथपालबाईंनी मोजलं. संमती थोडक्यात कमी पडली. अध्यक्ष म्हणाले, "पाहुण्यांनी खाली बसावं." मित्राने टोपी उचलून पुन्हा मांडीवर घेतली. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते शिष्येला नीट दिसलं नाही, कारण तिचेच डोळे भरून आले होते.

कॉफीची सुटी झाली तशी ती तडक अध्यक्षांकडे गेली.

"सर, मोजा असं कोण म्हणालं होतं? 'हो'चा आवाज मोठा होता. मी मागे बसून ऐकलाय."

"मोठा होता," वृद्ध म्हणाले. "पण पुरेसा मोठा होता, की मला तसा वाटला?"

"वाटला तर वाटला! इतकी वर्षं वाट पाहिलीत ना त्यांची?"

वृद्धांनी कप खाली ठेवला.

"म्हणूनच, पोरी. रोज सकाळी दाढी करताना मी ते वाक्य पुरं करून पाहतो. त्याचा आवाज ऐकायला माझा जीव किती तुटतो ते तुला सांगता येणार नाही. आणि ज्या कानाला आस लागलेली असते, त्या कानाने मत मोजू नये. त्याला हवं तेच ऐकू येतं. आमची घटना लिहिणारे राजाला नुकतेच घालवून बसले होते. वाईट माणसाच्या हाती सत्ता देऊ नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांनी धास्ती घेतली ती स्वतःची. आपला हेतू शुद्ध आहे, म्हणून नियम जरासा वाकवला तर काय बिघडलं, असं वाटणाऱ्या भल्या माणसाची. दुष्टाने नियम मोडला तर लोक ओरडतात. भल्याने मोडला तर डोळे पुसतात, आणि पायंडा पडतो. पुढे त्याच पायंड्यावरून कोण चालत येईल, सांगता येत नाही. घटना लिहिणारेही काही देव नव्हते. त्यांच्यात माणसांना गुलाम करून ठेवणारे होते. जिथे त्यांनी स्वतःवर पहारा बसवला तिथे देश टिकला. जिथे नाही बसवला तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं भरडली गेली."

शिष्येने मागे वळून पाहिलं. बोलणं तिला पटलं होतं, पण समाधान होत नव्हतं. मागच्या बाकावरचा म्हातारा खिडकीतून नदीकडे पाहत होता.

"मग आस कुठे ठेवायची, सर?" तिने विचारलं. "घटनेत तिला कुठे जागा आहे?"

वृद्धांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

सभा पुन्हा भरली. अध्यक्ष उभे राहिले, हातोडा ग्रंथपालबाईंच्या हाती दिला आणि पायऱ्या उतरून लोकांत येऊन उभे राहिले. अध्यक्षाला एखाद्या विषयावर स्वतः बोलायचं असेल तर खुर्ची सोडावी लागते, अशी तिथली पद्धत. या वृद्धांनी ती कधी सोडली नव्हती.

"मघाचा ठराव पुन्हा मतास घ्यावा अशी माझी विनंती आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी मी याचं वाक्य तोडलं. नियमाने तोडलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तोडीन. पण मला ते ऐकायचं आहे. दुसरं काहीही कारण नाही. मला ऐकायचं आहे."

एक तरुण बाई उठली. गुरं राखणारी, दुधाचा धंदा करणारी. "आमच्या घरालाही शाळा हवी होती," ती म्हणाली. "आम्ही हरलो. अंधारात डोंगर उतरून दुसऱ्या गावच्या शाळेत मी गेले, आता माझी मुलं जातात. आम्ही रुसून घर नाही विकलं. हरल्यावर जे राहिले त्यांचं ऐका की! जे गेले त्यांचं कशाला?"

ती खोटं बोलत नव्हती.

मत झालं. लोक उभे राहिले. त्यांत आमचे वृद्धही एक साधे मतदार म्हणून गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. मोजणी झाली. पुन्हा संमती थोडक्यात कमी पडली.

वृद्ध खाली बसले. मागचा म्हातारा मात्र उठला. तो टोपी घालून निघणार असंच सगळ्यांना वाटलं. त्याने टोपी घातली नाही. ती छातीशी धरून तो म्हणाला,

"...तर मी घरी जाऊन रडेन, आणि डोळे पुसून पंगतीला येईन."

ग्रंथपालबाईंनी हातोडा आपटला. "आपल्याला परवानगी नाही!"

"चुकलं, बाई," म्हातारा म्हणाला. "झालं माझं." आणि तो खाली बसला.

कुणीतरी खुदकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. इतकी वर्षं गावाने ज्या वाक्याला धमकी समजून जपलं होतं, ते असं होतं. दूधवाली बाई आपल्या हातांकडे बघत राहिली.

सभा संपली. तळघरात टेबलं मांडली होती. तिकडचं जेवण म्हणजे गोडसर घेवडा. आपली उसळच ती, फक्त गूळ सढळ हाताने घातलेला. ज्यांचं म्हणणं पडलं ते आधी बसले. वृद्धांचं म्हणणं पडलं होतं. इतकी वर्षं खुर्चीवर काढल्याने त्यांना ना जिंकता आलं होतं, ना हरता. पहिल्या पंगतीला ते आज पहिल्यांदाच बसत होते. आणि मित्राचं तर दोनदा पडलं होतं. तो जिन्यावर घुटमळत होता. दूधवाली बाई त्याच्या दंडाला धरून घेऊन आली, वृद्धांच्या शेजारी तिने त्याला बसवलं आणि दोघांना वाढलं. त्याला जरा जास्तच वाढलं.

"असं म्हणायचं होतं, तर त्या दिवशी जेवायला आला का नाहीस रे?" वृद्धांनी हळूच विचारलं.

"वाक्य घशात अडकलं होतं," मित्र म्हणाला. "घास कुठून उतरणार?"

वृद्धांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना काही घाई नव्हती. मित्राने पाव मोडला आणि अर्धा त्यांच्या ताटात ठेवला.

शिष्या पाण्याचा जग घेऊन उभी होती. आस खुर्चीत ठेवायची नाही, खाली उतरून लोकांत मांडायची, हे आपल्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं. ते प्रबंधात कुठे लिहायचं, एवढंच तिला कळत नव्हतं.

हरलेल्याचं बोलणं पुरं ऐकून घ्यावं. मग तो पंगतीला येतो.