चिंचोक्यांच्या डावातले एक्के

“एक्क्यांची जोडी हातात असताना माणूस हरतो कसा, बुवा?”

निरंजनबुवा सूप पुढ्यात घेऊन चिंचोके निवडत बसले होते. किडका चिंचोका बाजूला, चांगला सुपात.

“बुवा, मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकलं.”

“मग उत्तर द्या.”

बुवांनी आणखी एक चिंचोका उचलला, उजेडाकडे धरून पाहिला आणि सुपात टाकला...

गिरिधर सबनीसाच्या डोक्यात तिडीक गेली. तसं त्याचं डोकं कालपासूनच ठिकाणावर नव्हतं.

भगवी वस्त्रं अंगावर येण्याआधी बुवांची उमेदीची वर्षं आगबोटींवर पोकर खेळण्यात गेली होती. कृष्णाकाठच्या या मठात आले तेव्हा त्यांनी सगळं सोडलं, पत्ते तेवढे सुटले नाहीत. पैशांच्या जागी चिंचोके आले, इतकंच. दुपारची पंगत झाली की घोंगडी पसरायची. मठाची स्वयंपाकीण गोदाक्का, पुजारी, धोबी आणि एक पेन्शनर तलाठी अशी चौघं येऊन बसायची, आणि बुवा पत्ते वाटायचे.

गिरिधर आला तो गोव्याच्या कॅसिनोतल्या मोठ्या टेबलावर सपाटून मार खाऊन. मला शिकवा म्हणून त्यानं पाय धरले. बुवा म्हणाले, “आधी या घोंगडीवर जिंक. मी जा म्हणेपर्यंत दुसरीकडे पत्त्याला हात लावायचा नाही.” गिरिधरनं मठातल्या समाधीवर हात ठेवून शपथ घेतली. त्याला आता दुसरा उन्हाळा लागला होता, आणि बुवांच्या तोंडून ‘जा’ काही निघत नव्हतं.

तसा तो शिकला होता. भिकार पत्ते आले की टाकून द्यायचे, चांगल्यांची वाट बघायची, आले की चिंचोके वाढवून जोर करायचा. पण जोर करायचा कुणावर? खेळ साधा. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, मग मध्ये पाच पत्ते एकेक टप्प्यानं उघडायचे, आणि या सगळ्यांतून ज्याचा मेळ सरस जमेल त्याचा डाव. बुवांच्या नियमानं एका वेळी दोनच चिंचोके वाढवता येत. दोन चिंचोक्यांना कोण भिणार? त्यात ही मठाची माणसं. पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पाटावरून उठायचं नाही, ही रीत त्यांच्या अंगात मुरलेली. तीच त्यांनी घोंगडीवर आणली होती. पत्ते कसेही येवोत, सगळी शेवटपर्यंत बसून राहायची.

काल गिरिधरला दोन एक्के आले. त्यानं दर फेरीला चिंचोके वाढवले. चौघांनीही मुकाट भरले. आणि शेवटचा पत्ता उघडल्यावर गोदाक्कानं हातातली सत्ती-दुर्री खाली ठेवली. मध्ये उघडलेल्या पत्त्यांत एक सत्ती होतीच, शेवटी दुर्री आली होती. दोन जोड्या झाल्या. त्यांच्यापुढे एक जोडी हरते, मग ती एक्क्यांची का असेना.

गिरिधरनं आपले पत्ते म्हातारीच्या अंगावर फेकले.

“अक्कल आहे का तुम्हाला? सत्ती-दुर्री घेऊन कुणी बसतं?”

गोदाक्का पदर सावरून चुलीकडे निघून गेली. बुवांनी हे सगळं पाहिलं होतं.

“ती चुकीचं खेळली की नाही, तेवढंच सांगा,” गिरिधर आता म्हणाला.

“चुकीचं खेळली.”

“मी बरोबर खेळलो?”

“एक्के आले, वाढवलंस. बरोबर.”

“मग हरलो का?”

“दुर्री आली.”

गिरिधरचा संताप संताप झाला. गाढवापुढे गीता वाचावी तसं या माणसांपुढे आपण खेळतो, आणि हा संन्यासी आपलीच गंमत बघतो. दोन उन्हाळे वाया घालवले आपण इथे.

“मला जाऊ द्या, बुवा. मोठ्या टेबलावर माणसांना कळतं तरी. समोरच्यानं जोर केला की तो कशावर करतोय हे ओळखतात. पत्ते वाईट असतील तर उठतात. इथे कुणी उठतच नाही.”

“उठायला हवं त्यांनी?”

“हवंच.”

बुवांचा हात थांबला. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर गिरिधरला बरं वाटलं असतं.

“ठीक. आज एक डाव तुझ्या मनासारखा. मग जा.”

दुपारी घोंगडी पसरली. गोदाक्का येईल असं गिरिधरला वाटलं नव्हतं, पण आली. हात पदराला पुसत नेहमीच्या जागी बसली. त्याच्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

पाचजणांनी एकेक चिंचोका मध्ये टाकला. बुवांनी गठ्ठा चाळून दोन पत्ते काढले आणि गिरिधरपुढे उघडेच ठेवले. इस्पिकचा एक्का, बदामचा एक्का.

“हे तुझे.”

बाकीच्यांना दोन-दोन पत्ते झाकून वाटले.

“आज याच्या म्हणण्याप्रमाणे खेळायचं,” बुवा म्हणाले. “एक्क्यांपुढे बसण्याजोगं काही नसेल, त्यानं उठायचं.”

तलाठ्यांनी पत्ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, खाली ठेवले आणि चपला शोधत बाहेर गेले. धोबी उठला. पुजारी थोडा घुटमळला, मग तोही उठला.

गोदाक्का बराच वेळ आपले पत्ते बघत राहिली.

“काय आलंय?” गिरिधरला राहवलं नाही.

“हाय काहीतरी... तुज्या एक्क्यांफुडं काय टिकतंय?”

गुडघ्यावर हात रेटून ती उभी राहिली आणि आत गेली.

घोंगडीवर गिरिधर एकटा उरला.

“ओढ की,” बुवा म्हणाले. “डाव तुझा.”

त्यानं मधले पाच चिंचोके ओढून घेतले. मूठसुद्धा भरली नाही.

“पुन्हा वाटा, बुवा.”

“कुणाला?”

“त्यांना बोलवा.”

“तू बोलव.”

गिरिधरनं आतल्या दाराकडे तोंड केलं. “गोदाक्का... या ना. अजून एक डाव.”

“खरकटं आवरतीया, बाबा,” आतून आवाज आला. “तू खेळ. आमाला कुटं अक्कल हाय त्यातली?”

त्या आवाजात राग नव्हता. म्हणून तो जास्त लागला. बाहेर ओट्यावर तलाठी आणि धोबी पाठ करून पान लावत होते. पुजारी गाभाऱ्यात समई पुसत होता. एकानंही वळून पाहिलं नाही.

गिरिधरला भयंकर राग आला, आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं. मग तो बुवांवर उसळला.

“हा काय खेळ झाला? एक्के माझे, काल मी बरोबर खेळलो हे तुम्हीच म्हणालात, आणि आज शिक्षाही मलाच?”

“शिक्षा कसली? जिंकलास.”

“असं जिंकायचं नव्हतं मला.”

“मोठ्या टेबलावर जायचं होतं ना?... जा. शपथ सुटली.”

ज्या शब्दासाठी तो दोन उन्हाळे थांबला होता, तो शब्द असा, वाटेतला दगड बाजूला करावा तसा पडला. गिरिधर जागचा हलला नाही.

“बुवा...”

“काय?”

“माझं चुकलं कुठे, तेवढं सांगा. मग जातो.”

बुवांनी घोंगडीचं टोक धरलं. गिरिधरला उठावं लागलं. बुवांनी घोंगडी झटकली, घडी घातली, काखेत मारली आणि ते दाराकडे निघाले.

उंबऱ्यावर थांबले...

“काल तुझ्याकडे एक्के होते,” बुवा म्हणाले, “आणि चौघं चिंचोके भरत समोर बसली होती.”