लोखंडी घार आणि हिराईचं जाळं

एकदा काय झालं, एका राज्यावर घार आली. खरी नव्हे रे, लोखंडाची! शेजारच्या दुष्ट राजाने बनवून घेतली होती. पोटात चक्रं, डोळ्यांत भिंगं, पंखांना पाती. वरून मुंगीसुद्धा दिसायची तिला. दिवसरात्र घूंऽऽ करत फिरायची. आज कोंबडी उचल, उद्या करडू उचल. त्या आवाजाने कुणाच्या डोळ्याला डोळा लागेना. राजासुद्धा सिंहासनावर बसल्या बसल्या पेंगायचा, बरं का.

नदीकाठी हिराई भोईण राहायची. तिची मैना एवढीशी, नुकतं चालायला लागलेलं पोर. एके दिवशी घार अंगणात झेपावली आणि मैनाच्या अंगावरचं झबलंच घेऊन गेली. पोर थोडक्यात वाचलं गं बाई! तेव्हापासून हिराई तिला कडेवरून खाली ठेवेना. हात भरून आले, डोळे चुरचुरायला लागले. पार मेटाकुटीला आली बिचारी.

मग राजाने तिरंदाज आणले. बाण टणाटण आपटून खाली पडले. मग मोठमोठ्या पंडितांनी डोकं लढवून पितळेची घार केली. ती थाटात उडाली. लोखंडीने एका पंजात तिचा चेंदामेंदा केला. हसू नका मेल्यांनो, तिथे माणसं रडत होती.

हिराई दारात मटकन बसली. समोर मासळी वाळत होती. कावळ्यांनी पळवू नये म्हणून वर जुनं जाळं ताणलेलं. कावळे यायचे, बघायचे, निघून जायचे.

हिराई म्हणाली, "जाळं कावळ्याला अडवतं, मग या मेलीला का नाही अडवणार?"

मग तिने घरातली सगळी जुनी जाळी काढली. अंगणात बांबू रोवले आणि त्यांच्यावर जाळी ढिली ढिली पसरली. शेवटची गाठ मात्र एका हाताने बसेना. काय करणार? छातीवर दगड ठेवून तिने मैनाला खाली सोडलं. पोर लागलं दुडुदुडु धावायला.

आणि घूंऽऽ! घारीने वरून पाहिलं. मळक्या दोऱ्यांकडे कशाला लक्ष देते ती? सरळ मैनावर झेपावली आणि जाळ्यात अडकली. फडफड केली, तशी आणखी गुंतली. दोरे चक्रांत शिरले. कच्‌कच्‌ झालं आणि सगळं थांबलं. हिराईने पोरीला उचलून घट्ट धरलं आणि ढसाढसा रडली.

राजा वाजतगाजत आला. हिराई दारात आडवी उभी राहिली.

"महाराज, हात जोडते, पण ते ढोल आधी बंद करा. आत्ता कुठे पोर झोपलंय."

ढोल थांबले. केवढी शांतता! राजाने हळूच मुकुट काढला. म्हणाला, "बाई, तुझ्या ओसरीवर मीही जरा पडू का?"

हिराईने त्याला घोंगडी दिली. मग राजा निजला, ढोलवाले निजले, हिराई निजली. अख्खं राज्य भरदुपारी निजलं, आणि उठल्यावर सुखाने नांदायला लागलं.

आता मीही दमले. पाय काढ रे माझ्या अंगावरून. सरका तिकडे, आणि निजा गुपचूप.