दोघांच्या मधली पेस्ट

संगणक टेबलाखाली बसून घरघरत असत, त्या काळची गोष्ट. एका संगणकात तापट प्रोसेसर होता. त्याला थंड ठेवायला डोक्यावर कूलर बसवला होता. पण दोघांत बारीक फट राही आणि उष्णता तिथेच अडे.

"कूलरदादा, जळेन हो मी!"

"तापतोस तू आणि ओरडतोस माझ्यावर? मधे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लाव की!"

पेस्टच्या दोन नळ्या पुढे आल्या, एक चंदेरी आणि एक करडी. चंदेरी म्हणाली, "मला जाड थापा. माझी चमक दिसली पाहिजे!"

प्रोसेसर भाळला. पण जाड थरामुळे कूलर आणखी दूर गेला. प्रोसेसर इतका तापला, की संगणकच बंद पडला.

सगळं पुसून प्रोसेसरने घाबरतच करड्या पेस्टला विचारलं, "तू किती जागा घेशील, ताई?"

"वाटाण्याएवढा ठिपका पुरे. फट भरली, की माझं काम झालं. तुम्ही दोघं खेटून बसा."

संगणक पुन्हा घरघरू लागला.

"अहाहा! दादा, आपल्यामधे आता कोणीच नाही बघा!" प्रोसेसर म्हणाला.

"खरंच की!" कूलर म्हणाला.

दोघांच्या मधे करडी पेस्ट गालातल्या गालात हसली.